चौथी मूठ

॥ श्री ॥

ब्राह्मणपुरी, ता. शहादा
मंगळवार, १५ जुलै २०२५

चि. हेमकांत यास,

आबाचे आशीर्वाद. आम्ही दोघे बरे आहोत. तुझ्या आईचे गुडघे होते तसेच आहेत. पपईला फळ चांगलं धरलं आहे, पण खालची पानं पिवळी पडू लागली आहेत. पाऊस एकदा येऊन गेला की आठवडाभर तोंड दाखवत नाही. एवढं सोडलं तर ठीक.

तू म्हणशील, आबाने फोन का केला नाही. फोनवर तू विचारतोस, "आबा, सगळं ठीक ना?" मी म्हणतो, "ठीक." मग तू म्हणतोस, "चला, ठेवतो." कागदाला तसं ठेवता येत नाही. म्हणून लिहितो, आणि तू शिकवलंस तसा फोटो काढून पाठवतो. अक्षर वाकडं आहे. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाचं असंच असणार. लावून वाच.

तू सांगितलंस त्या दिवसापासून माझं मन थाऱ्यावर नाही. हंगेरी देशात तुम्ही दिवसभर सायकल चालवता आणि संध्याकाळी कोणाच्याही घरी उतरता. हॉटेल नाही, धर्मशाळा नाही, ओळखीचं माणूस नाही. सायकलवाल्यांसाठी लोक आपलं घर उघडं ठेवतात म्हणालास, तेही फुकट. हेमकांत, फुकट कोण ठेवतं रे? म्हसावदच्या बाजारात ओळखीच्या माणसाजवळ पिशवी ठेवायची तर मी दोनदा मागे वळून पाहतो. हे लोक तुमचं गाव विचारत नाहीत, आडनाव विचारत नाहीत, तुम्ही कोणातले ते विचारत नाहीत. मग दारात उभं राहून विचारतात तरी काय?

तुझी आई मला हसते. काल म्हणाली, "तो काय आते कैची मारस का? मोठा व्हयना तो." पण मला तर तू कैचीच मारताना दिसतोस. माझ्या सायकलच्या दांड्याखालून पाय घालून पॅडल मारायचास, आणि एकदा सायकलीसकट पाटचारीत गेलास. तेव्हा मी काठावर होतो म्हणून हात धरला. तिथे कोण काठावर आहे?

पासपोर्ट पोटाशी बांधून ठेव, बॅगेत नको. तिथे गाड्या उजव्या बाजूने चालतात म्हणे, सवयीने डावीकडे वळू नकोस. नदीच्या काठाने रस्ता आहे तर अंधार पडायच्या आत उतरा. ती नदी तापीपेक्षा रुंद आहे का? कुत्री आहेत का? आपल्याकडे सायकल दिसली की कुत्रं पिंढरीच धरतं.

तुझ्या सोबत जी आहे तिलाही सांभाळ. बाईमाणूस आहे. परक्या घरी झोपायच्या आधी दाराला आतून कडी आहे की नाही ते पाहत जा.

आणखी एक. कानबाई मातेचा सण यंदा ३ ऑगस्टच्या रविवारी आहे. तुम्ही सात तारखेला उतरणार, म्हणजे तू नसशील. बरंच आहे. तसं नाही, तुला सुट्टी पुन्हा मिळणार नाही म्हणून म्हटलं.

शेतात मजूर आले आहेत, उठतो.

तुझी काळजी करणारा,
आबा

---

॥ श्री ॥

ब्राह्मणपुरी
बुधवार, २३ जुलै २०२५

चि. हेमकांत यास,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेला फोटो पाहिला. त्या घराच्या भिंतीवर लाल मिरच्यांच्या माळा टांगल्या आहेत, ते पाहून तुझ्या आईला नवल वाटलं. म्हणाली, "हाई ते आपला नंदुरबारनी मिरची शे!" मी म्हटलं, अगं हंगेरी आहे ते. तर म्हणते, "मंग काय व्हयनं, मिरची तिखटच ऱ्हास." तू लिहिलंस की ती तिखट नसते, नुसती लाल असते. तिखट नाही तर लावतात कशाला, हा तिचा प्रश्न आहे. विचारून कळव.

तुम्ही ज्याच्याकडे उतरलात तो यानोश म्हातारा चांगला दिसतो. पायात आपल्यासारखीच रबरी चप्पल. ट्रॅक्टर दुरुस्त करायचा म्हणालास, म्हणजे कष्टाचा माणूस आहे. त्याची बायको इलोना तुमच्या बॅगा स्वतः उचलून आत घेऊन गेली, हे मला आवडलं नाही. म्हातारीला बॅगा उचलू देऊ नयेत. पण त्याहून जास्त नवल वाटलं. बॅगेत काय आहे ते तिला ठाऊक नाही, तुम्ही कोण ते ठाऊक नाही, आणि सरळ आत?

फोटोत तू आहेस, यानोश आहे, मिरच्या आहेत. ती नाही. तुमचं भांडण झालं का? फोटो तीच काढत असेल. तसं असेल तर बरं.

आता इकडचं. परवा शांतीलालदादा ओट्यावर येऊन बसला. तुझा काका सहसा येत नाही, त्याने हाक मारायची आणि मी जायचं, अशी लहानपणापासूनची रीत. तो स्वतः आला तेव्हाच मी समजलो. चहा घेतला, पपई कशी आहे विचारलं, पाण्याची पाळी कधी आहे विचारलं, आणि मग उठता उठता म्हणाला, "झिपरू, मूठ मोजाले एक तारीखना शुक्रवारी ये. तीन मुठी. मागला वरीस सारख्या."

मी हो म्हटलं.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण लिहिताना मला नीट दिसतं. कानबाईच्या रोटांचा गहू आपल्या भाऊबंदकीत माणसागणिक मोजतात. घरातल्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ, आणि नाव मोठ्याने घ्यायचं. माणूस गावाला असलं तरी त्याची मूठ पडते. लेक सासरी गेली की तिची मूठ आपल्याकडे बंद आणि तिकडे सुरू. सून आली की तिची मूठ त्या वर्षीच्या कानबाईला पडते. ज्यांची मूठ पडली त्यांनीच रोट खायचे. बाहेरच्याला देत नाहीत, टाकत नाहीत, उरवत नाहीत. श्रावणाच्या पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच संपवायचे.

मागल्या वर्षी तू एकटाच आलास. मी तीन मुठी मोजल्या, कोणी काही बोललं नाही, तूही बोलला नाहीस. जेवलास आणि संध्याकाळच्या गाडीने नाशिकला गेलास. मी म्हटलं, चला, निभावलं.

दादा गेल्यावर तुझी आई तांदूळ निवडत बसली होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आपली हेमांगीनी मूठ तिन्हा सासरी तळोदाले मोजतस. मंग हाई पोरनी मूठ कोठे मोजतस?"

मी म्हटलं, तिच्या माहेरी मोजत असतील.

"तिन्हा माहेरले कानबाई नही. ख्रिस्ती शेतस त्या. तुम्हले माहीत शे."

मी उठून गोठ्यात गेलो. गाईला वैरण घातलेली होती, तरी पुन्हा घातली.

मला तुझ्यावर राग नाही. तिच्यावरही नाही. नाशिकला तुमच्याकडे आलो होतो तेव्हा तिने माझ्या चहात साखर घातली नव्हती. मी सांगितलं नव्हतं, तिने तुझ्याकडून विचारून ठेवलं होतं. हे माझ्या लक्षात आहे. पण दादाच्या घरात कानबाई बसते, वाडवडिलांपासूनचा देवीचा नारळ त्याच्याकडे आहे. त्याला तोंड कोण देणार? माझं अर्धं आयुष्य त्याच्या मागे चालण्यात गेलं. आता पुढे होऊन चालायचं म्हटलं तर पाय कुठे टाकायचा ते कळत नाही.

हे पत्र तिला वाचून दाखवू नकोस.

तुझा,
आबा

---

ब्राह्मणपुरी
मंगळवार, २९ जुलै २०२५, नागपंचमी

हेमकांत,

आज आशीर्वाद शेवटी लिहीन.

सकाळी फोन वाजला. नंबर अनोळखी. उचलला तर तिकडून आवाज, "नमस्कार व्याही, इमॅन्युएल बोलतो, नवापूरकडून." मला आधी कळेचना. तुमच्या लग्नाला दोन वर्षं झाली, पण मला व्याही म्हणून कोणी हाक मारली नव्हती. मी खाटेवरून उठून उभा राहिलो. का राहिलो ते ठाऊक नाही.

ते म्हणाले, "पोरीच्या हाताचं काही कळलं का? रात्रभर तिची आई झोपली नाही. तुमच्याकडे काही ताजी खबर असेल म्हणून केला."

मी म्हटलं, कोणता हात?

ते म्हणाले, "तुम्हाला सांगितलं नाही का?" आणि लगेच सावरून घेतलं, "तुम्हाला काळजी नको म्हणून नसेल सांगितलं. वयस्कर माणूस आहात." माझ्याहून दोन वर्षांनी मोठे असतील ते! मी म्हटलं, हो, हो, सांगितलंय थोडंसं, मी विसरलो. खोटं बोललो. फोन ठेवल्यावर माझे कान तापले होते.

नवापूरच्या डोंगरातल्या माणसाला कळतं, आणि तुझ्या बापाला कळत नाही? त्यांच्याच बोलण्यातून कळलं, पावसात लाकडी पुलावर तिचं चाक घसरलं, मनगट मोडलं, त्याला आठवडा होत आला. तू मला मिरच्यांचा फोटो पाठवतोस. फोटोत ती का नाही म्हणून मी विचारलं होतं, तेव्हाही सांगितलं नाहीस. मी कोण होतो तिचा? मला मोजलंच नाहीस?

एवढं लिहून मी थांबलो होतो. पेन ठेवलं. पुढचं दुपारनंतर लिहितो आहे.

तुझ्या आईने ही वरची ओळ वाचली. ती अडखळत वाचते, बोट ठेवून. "मला मोजलंच नाहीस" यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. बोलली असती तर मी भांडलो असतो.

मग तुझा दुसरा फोटो आला. इलोनाबाई खुर्चीच्या मागे उभी आहे, एस्तेर खुर्चीत बसली आहे, हात गळ्यात बांधलेला, केस ओले. इलोनाबाई तिचे केस विंचरते आहे. दातात कंगवा धरून दोन्ही हातांनी गुंता सोडवते आहे, तुझी आई हेमांगीचा सोडवायची तसा. तुझ्या आईने फोटो हातात घेतला तो बराच वेळ दिलाच नाही. शेवटी म्हणाली, "त्या बाईनी कंगवा बी सोताना लिधा दिसस."

तू लिहिलंस की पडल्यावर यानोशने स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, आणि पुढे जायचं नाही, इथेच राहायचं असं दोघांनी बजावलं. रविवारी त्यांच्या लेकी-जावई आले, त्यांचा घरचा सण होता. तुम्हाला दुसऱ्या खोलीत बसवलं नाही. टेबल लहान पडलं तर दार काढून दोन लाकडी घोड्यांवर ठेवलं आणि त्यावर दोन ताटं वाढवली. दार काढलं हे खरं का? बिजागरीसकट? मला ते सारखं डोळ्यापुढे येतं.

आता मी काय ठरवलं आहे ते ऐक. शुक्रवारी मूठ मोजायला जायचं आहे. तुझी मूठ घेताना मी हात मोठा भरीन. सव्वाऐवजी दीड, पावणेदोन. बोटं लांब आहेत माझी, मावतील. दाणा तिचाही सुपात जाईल, देवीला कळेल, आणि दादाला कळणार नाही. कोणाचं मन मोडणार नाही. मी सगळीकडून विचार केला, याहून चांगलं मला सुचत नाही.

पण एक गोष्ट राहते. ती ख्रिस्ती आहे. तिच्या नावाचा रोट झाला तर ती खाईल का? तिच्या धर्मात चालतं का? हे तिला आजवर कोणीच विचारलेलं नाही. तू विचारलंस का? मी तर नाहीच. हे पत्र तिला वाचून दाखव. मागचंही दाखव.

तिच्या हाताखाली झोपताना उशी ठेव. आशीर्वाद, दोघांनाही.

आबा

---

॥ कानबाई माता प्रसन्न ॥

ब्राह्मणपुरी
मंगळवार, ५ ऑगस्ट २०२५

चि. हेमकांत आणि चि. सौ. एस्तेर यांस,

झिपरू आबा व कौसाबाई यांचे तुम्हा दोघांना आशीर्वाद.

एस्तेर, तू पाठवलेला तुझा आवाज मी फोनवर लावून लावून ऐकला. तू म्हणालीस, "आबा, आमच्या घरी जेवायच्या आधी डोळे मिटून आभार मानतात. तेवढं मला करू द्या, मग तुमच्या घरचं मी काहीही खाईन. पण माझी मूठ घालायची असेल तर नाव घेऊन घाला. हेमकांतच्या मुठीत लपवून नको. नाव घेता येत नसेल तर घालू नका, मी रागावणार नाही."

रागावणार नाही म्हणालीस, तेच मला जड गेलं. रागावली असतीस तर मला बरं पडलं असतं.

गुरुवारी पपईच्या शेतात कोणी नाही असं पाहून मी तुझं नाव मोठ्याने घेऊन पाहिलं. तुला हसू येईल. माझ्या तोंडाला ते नाव नवीन आहे. घरात "ती" म्हणायचो, "हेमकांतची" म्हणायचो, तोंडाने नाव कधी घेतलंच नव्हतं. पहिल्यांदा अर्धंच निघालं. दुसऱ्यांदा आलं. बांधावर शेजारचं कुत्रं बसलं होतं, ते उठून गेलं.

शुक्रवारी दुपारी आम्ही दोघे दादाच्या घरी गेलो. ओसरीत सगळी भाऊबंदकी बसली होती. आपापल्या सुपात आपापल्या घरची मूठ मोजायची आणि मग मोठ्या परातीत ओतायची. दादा खाटेवर बसून नावं ऐकत होता. माझी पाळी आली. झिपरू म्हटलं, मूठ टाकली. कौसा म्हटलं, टाकली. हेमकांत म्हटलं, टाकली. हात सरळ नेहमीएवढाच भरला, मोठा नाही.

दादा म्हणाला, "व्हयनं. ओत."

मी चौथ्यांदा पोत्यात हात घातला. मूठ भरून वर काढली आणि तिथेच अडकलो. तोंडातून नाव निघेना. सगळे पाहत होते, आणि बोटांच्या फटीतून गहू एक एक खाली पडत होता. मला वाटलं, असाच सगळा पडून जाईल आणि मूठ रिकामी झाली की सुटलो. खरं सांगतो, असं वाटलं.

मागून तुझी सासू बोलली, "बोला ना. मूठमा इंगय धरेल शे का?" इंगय म्हणजे निखारा.

मी म्हटलं, एस्तेर. फार मोठ्याने म्हटलं. बाहेर गल्लीत गेलं असेल. आणि मूठ सुपात टाकली.

"काय नाव लिधं तू?" दादा म्हणाला.

मी म्हटलं, "मन्ही सूननं."

दादाचा आवाज चढला नाही, त्याचा कधी चढतच नाही. तो म्हणाला, "ती मूठ काढी टाक. बाकीन्या ऱ्हाऊ दे. मी काई आयकं नही, असं समजसू."

त्याने मला वाट करून दिली होती. लहानपणापासून तो अशीच वाट करून देतो आणि मी जातो. मी सुपाकडे पाहिलं. चार मुठींचा एकच ढीग झाला होता.

"काढू कशी दादा?" मी म्हटलं. "कोनता दाना तिना शे, दखाड माले. तू दखाड, मी काढस."

दादा खाटेवरून उतरला. मला वाटलं मारतो आता. तो वाकून सुपाजवळ आला, बघितलं, आणि पायाने नाही, हाताने, हळूच सूप माझ्याकडे सरकवलं. "तुन्हा गहू तू लई जा. तुन्ही कानबाई तू बसाड. आते तुन्हं तुले."

आम्ही दोघे सूप घेऊन घरी आलो. ते सूप मी दोन्ही हातांनी धरलं होतं, तरी वाटेत थोडं सांडलं. तुझ्या सासूने मागे बसून बसून दाणे वेचले. तिचे गुडघे तुला माहीत आहेत.

गिरणीत दळायला नेलं नाही, चार तोंडांना उत्तरं कोण देणार. माळ्यावरून जातं काढलं. हेमकांत, तू अभ्यासाला बसायचास तो लाकडी पाट चौरंग म्हणून मांडला, त्यावर तुझ्या शाईचे डाग अजून आहेत. नवा नारळ आणला. रविवारी दादाच्या घरी बायका गाणी म्हणत होत्या, ती आमच्या घरात ऐकू येत होती. आमच्याकडे गाणारी एकटी तुझी आई. तिकडचं कडवं संपलं की ती इकडे पुढचं उचलायची. तिकडच्या बायकांना ते कळलं की नाही कोण जाणे, पण एकदा त्या थांबल्या होत्या असं मला वाटलं.

आता भीती वाटते, हे लपवून काय करू? सोमवारी विसर्जनाला सगळी गल्ली एकत्र निघाली, आम्ही दोघे मागे राहून गेलो. दादा नदीवर समोर आला आणि त्याने मान वळवली. त्याच्या ताटात मी जेवलो आहे, त्याचे जुने सदरे घालून शाळेत गेलो आहे. आमच्या शेतांचा बांध एक आहे, पाण्याची पाळी एक आहे. उद्या मला काही झालं तर खांदा द्यायला त्या घरून कोणी येईल की नाही, याचा विचार सुटत नाही. तुझी आई म्हणते, मेल्यावर तुम्हाला कुठे दिसणार आहे कोण आलं ते. तिचं बरं आहे.

मी बरोबर केलं की नाही मला सांगता येत नाही. नियम मोडला असंही मला वाटत नाही. सून आली की मूठ पडते, हाच तर नियम आहे. पण हे मला घरी बसून सुचतं, दादासमोर सुचलं नाही.

आता कामाचं लिहितो, नीट वाचा.

रोट पुष्कळ झाले आहेत. चार माणसांचे आहेत आणि खाणारे आम्ही दोघे. माझी साखर वाढलेली आहे, तुझ्या आईला पुढचे दात नाहीत, ती दुधात बुडवून चघळते. आमच्या वाटणीचे आम्ही कसे तरी संपवतो आहोत. पण तुमच्या वाटणीचे कोण खाणार? बाहेर देता येत नाहीत. हेमांगीला देता येत नाहीत, तिची मूठ तळोद्याची. दादाच्या घरचं कोणी शिवणार नाही. गाईलाही घालता येत नाहीत, टाकता तर मुळीच येत नाहीत. ते संपवायचा हक्क जगात फक्त दोघांना आहे, आणि ते दोघे कोणाच्या तरी काढलेल्या दारावर जेवत बसले आहेत.

शनिवारी पौर्णिमा आहे. तुम्ही गुरुवारी मुंबईला उतरता. तिथून नाशिकला घरी जाऊ नका. आधी इकडे या. थकलेले असाल, हात दुखत असेल, गाडीत धक्के बसतील, हे सगळं मला कळतं. शहाद्यापर्यंत आलात की फोन करा. एस्तेर, तुझा उजवा हात बांधलेला आहे तर भरवीन म्हणते तुझी सासू. केसही विंचरून देईन म्हणते. आपल्या घरी कंगवा जरा बारीक दातांचा आहे, दुखेल. नवा आणायला सांगितला आहे.

येणार नसाल तर तसंही कळवा, मन घट्ट करायला वेळ लागतो. पण येणार नसाल असं मी धरलेलं नाही.

यानोशला आणि इलोनाबाईला माझा रामराम सांगा. त्यांना सांगा, आमचं दार भिंतीत पक्कं आहे, काढता येत नाही, पण दोघे सायकलवर या बाजूला आले तर तिखट मिरची कशी असते ते दाखवू.

स्टँडवरून घरी यायला दोन वाटा आहेत, हेमकांतला ठाऊक आहे. मागच्या गल्लीने येऊ नका. दादाच्या दारावरूनच यायचं आहे. मी स्टँडवर सायकल घेऊन उभा राहीन, तुमच्या बॅगा कॅरिअरवर बांधू, आणि मी पुढे चालेन. तुम्ही मागोमाग या.

तुमच्या वाटणीच्या रोटांचा डबा बांधून वर ठेवला आहे. त्याची गाठ तुमच्याशिवाय सोडायची नाही, असं दोघांनी ठरवलं आहे.

वाटेकडे डोळे लावून,
चार माणसांच्या घरातले दोघे,
आबा आणि आई